बद्धकोष्ठता, वडिलांचा पार्किन्सन आणि आतड्याची बायोप्सी

“वडिलांना पार्किन्सन आहे आणि मला वर्षानुवर्षे बद्धकोष्ठता आहे, म्हणजे माझ्यातही तो सुरू झाला का, आणि आतड्याचा तुकडा तपासून ते आत्ताच कळेल का?” हा प्रश्न अलीकडे समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येतो. तो मला सर्वांत सविस्तर हाताळावा लागला पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांच्या बाबतीत. काही वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत, त्यांचा लहानसा पॉलिप (अस्तरावरची गाठ) काढला होता आणि त्या अहवालावरील ब्लॉकच्या, म्हणजे ऊती जपलेल्या मेणाच्या ठोकळ्याच्या, क्रमांकाभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. प्रयोगशाळेत मेणात जपून ठेवलेल्या त्या ऊतींची अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनासाठी पुन्हा तपासणी व्हावी, अशी त्यांची मागणी होती.

मागणी अडाणीपणाची मुळीच नव्हती. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतील चेतापेशींमध्ये जे गोळे आढळतात, ते मुख्यतः याच प्रथिनाचे असतात, हे 1997 मध्ये स्पष्ट झाले. हा बिघाड काही रुग्णांत आतड्याच्या चेताजालात सुरू होऊन पोट आणि मेंदूला जोडणाऱ्या व्हेगस चेतेच्या वाटेने मेंदूकडे सरकत असावा, अशी मांडणी जर्मन शरीररचनातज्ज्ञ हायको ब्राक यांनी 2003 मध्ये केली. पुढे 2012 च्या एका शोधनिबंधात, रोगाचा कंप सुरू होण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी घेतलेल्या मोठ्या आतड्याच्या जुन्या नमुन्यांत हे प्रथिन सापडल्याचे नोंदवले गेले. गृहस्थांनी नेमके हेच वाचले होते. मात्र ते निरीक्षण केवळ तीन व्यक्तींचे होते, ही ओळ त्यांच्या नजरेतून निसटली होती.

अडचण त्यानंतरच्या अभ्यासांतून पुढे आली. हेच प्रथिन पार्किन्सन नसलेल्या अनेकांच्या आतड्यातही आढळते, कारण चेतापेशींत ते मुळातच असते. प्रश्न असतो तो त्याच्या बिघडलेल्या रूपाचा, आणि ते रूप ओळखण्यासाठी वापरलेली प्रतिपिंडे बदलली की निष्कर्षही बदलतात. एकच काचपट्टी पाहून दोन तज्ज्ञांचे मत जुळेलच असे नाही. शिवाय नेहमीच्या बायोप्सीत बहुधा वरचे अस्तरच हाती येते, तर चेतांची दाट जाळी त्याखालच्या थरांत असते, आणि या बिघाडाचे प्रमाण मोठ्या आतड्यापेक्षा अन्ननलिकेच्या खालच्या भागात अधिक दिसते. त्यामुळे त्या ठोकळ्यात प्रथिन आढळले असते तरी रोग ठरला नसता, आणि न आढळल्याने तो नाकारताही आला नसता. संशोधकांसाठी हा धागा मोलाचा आहे; एका माणसाच्या भवितव्याचा निवाडा त्यावर करता येत नाही, असे मी त्यांना स्पष्टच सांगितले.

“पण मॅडम, निदान अंदाज तरी येईल ना?” ते म्हणाले. त्यावर मी आकड्यांकडे वळले. साठीनंतर साधारण शंभरातील एकाला पार्किन्सन होतो. आईवडिलांपैकी कोणाला असल्यास ही शक्यता दोन-तीन पटींनी वाढते, तरीही बहुसंख्य मुलांना तो होत नाही. बद्धकोष्ठता मात्र प्रौढांपैकी दहा-पंधरा टक्के लोकांना असते. ती कंपाच्या दहा वर्षे किंवा त्याहूनही आधी दिसू शकते हे खरे, पण बद्धकोष्ठता असलेल्या बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. झोपेत स्वप्नाबरहुकूम ओरडणे, हातपाय झाडणे हे लक्षण याहून कितीतरी अधिक गांभीर्याने घ्यावे लागते. त्यांच्या पत्नीने तसे काही पाहिले नव्हते, आणि त्यांची वासाची जाणीवही शाबूत होती.

यानंतर मी विचारले की, अहवाल ‘आढळले’ असा आला, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय वेगळे कराल? रोगाची गती रोखते असे सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही, आणि नियमित व्यायामाचा सल्ला अहवालाशिवायही देता येतो. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की हात मंदावले का हे पाहण्यासाठी रोज सकाळी शर्टाची बटणे लावायला किती वेळ लागतो, ते घड्याळावर मोजतात. माझ्या मते समुपदेशनाचा खरा विषय तिथे सुरू झाला, आणि पुढच्या भेटी आम्ही त्या घड्याळावरच खर्च केल्या.

दरम्यान त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले, कारण पार्किन्सनचे निदान आजही प्रामुख्याने हालचालींतील मंदपणा, ताठरपणा आणि विश्रांतीच्या वेळचा कंप प्रत्यक्ष तपासूनच होते. तज्ज्ञांना यांतले काही आढळले नाही. पोटाच्या डॉक्टरांनी बद्धकोष्ठतेचे कारण शोधताना थायरॉइडची तपासणी करून घेतली आणि हे गृहस्थ दीर्घकाळ घेत असलेल्या लोहाच्या गोळ्या बदलल्या. बोलता बोलता कळले, की वडिलांच्या बद्धकोष्ठतेबद्दल घरात कोणी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. पार्किन्सनवरचे लेव्होडोपा हे औषध लहान आतड्यातून शोषले जाते, आणि जठर व आतडी मंदावली की गोळीचा परिणाम उशिरा किंवा अपुरा होऊ शकतो. वडिलांच्या पुढच्या तपासणीला न्यायच्या चिठ्ठीवर त्यांनी हा मुद्दा सर्वांत वर लिहून घेतला.