मुलगी १४ वर्षांची आहे, पाळीत पोट फार दुखतं. गोळीशिवाय काय करता येईल? (जळगाव)

ताई, आधी शेक. रबरी पिशवीत गरम पाणी भरा, टॉवेलात गुंडाळा आणि ओटीपोटावर १५-२० मिनिटं ठेवा. पाणी उकळतं नको, कातडी भाजते. पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं, त्यामुळे गर्भाशय जोरात आवळतं आणि कळ येते. उबेने तो स्नायू सैल पडतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे शेक म्हटलं की पोरी तोंड वाकडं करतात, ते बरोबरच आहे! पंखा लावा, पण शेक चुकवू नका.

दुसरं म्हणजे हालचाल. आमच्याकडे अजून "त्या दिवसात पडून राहा" म्हणतात. उलट करा. एरवीही आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास भरभर चालणं, सायकल किंवा योगासनं चालू ठेवली, तर दोन-तीन महिन्यांत दुखणं कमी होऊ शकतं. दुखत असताना गुडघे पोटाशी घेऊन पडलं तरी बरं वाटतं.

आल्याचा काढा बऱ्याच जणींना लागू पडतो. केळं, दही खाऊ नको वगैरे बंधनं मात्र सोडून द्या, त्यांना काही आधार नाही.

दर महिन्याला शाळा बुडत असेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, किंवा पाळी नसतानाही दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर घाबरू नका, तिने पुढे मूल व्हायला अडचण येते हा गैरसमज आहे.