मक्यावरच्या लष्करी अळीचे पतंग वाऱ्याबरोबर बेळगावकडे कुठून येतात, हे संगणकावर काढता येते का?

दिशा आणि साधारण अंतर काढता येते, परंतु पतंग कोणत्या गावाच्या शिवारात उतरतील हे सांगता येत नाही. हे पतंग रात्री उडतात आणि वारा अनुकूल असल्यास एका रात्रीत सुमारे १०० किलोमीटर जातात. म्हणून तिन्हीसांजेला उड्डाण व पहाटे उतरणे गृहीत धरून, कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) पतंग अचानक वाढले त्या रात्रीपासून तासागणिक वाऱ्याच्या नोंदींवरून मार्ग उलटा काढत जातात. (पोंग्यात, म्हणजे मक्याच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळीची भुशासारखी विष्ठा दिसते ती बऱ्याच दिवसांनी, त्यामुळे तारीख सापळ्याचीच धरावी.) पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडे वारा पश्चिमेचा असल्याने हा मार्ग घाट ओलांडून अरबी समुद्रावर निघतो, तेव्हा त्या दिवसांतला प्रादुर्भाव बहुधा स्थानिकच समजावा, हिवाळ्यातील पूर्वेच्या वाऱ्यात मात्र बागलकोट-विजयपूरकडील मक्यावर संशय घेणे रास्त ठरते. मर्यादा अशी, की एरा-५ (युरोपीय हवामान केंद्राचा जगभरच्या हवामानाचा संगणकीय नोंदसंच) सारख्या नोंदींचा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा असतो, त्यात सह्याद्रीची धार पुसट होते, आणि पाण्याची सोय असलेल्या रानात मका उन्हाळ्यातही असल्यामुळे सापळ्यातला पतंग शेजारच्या बांधापलीकडचाही असू शकतो.