दातांचे उपचार एवढे महाग का असतात? एका दाढेचे ९,००० म्हणजे लूट नाही का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात एका दाढेच्या रूट कॅनल आणि कॅपचे मिळून ९,००० सांगितले, आणि शेजारचे काका म्हणतायत की ही लूट आहे, पाचशे रुपयांत दाढ काढून टाका आणि मोकळे व्हा. बाकीचं सगळं नंतर, आधी मला एवढं सांगा की हे काका एसटीतून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशीचे, बोलताना समोरच्याच्या मांडीवर थाप मारणारे आहेत का? असतील तर ते माझे साडू आहेत आणि त्यांचं अजिबात ऐकू नका.

मी डॉक्टर नाही. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कापायची मशीन) आणि एक म्हातारा लेथ, पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट करून देतो. म्हणजे मी पण दिवसभर लोकांना रेटच सांगत असतो आणि लोक मला पण "एवढ्याशा तुकड्याचे एवढे?" असंच म्हणतात. त्यामुळं तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

२०१७ च्या दिवाळीआधी माझी खालची डावी दाढ उठली. त्याच्या वर्षभर आधी तिच्यावर काळा ठिपका होता, डॉक्टरांनी ६०० रुपयांत भरून देतो म्हणून सांगितलं होतं आणि मी "बघू" म्हणालो होतो, ते जाऊ द्या, ते सगळेच करतात. ठणका असा की रात्री दोन वाजता तोंडात लवंग धरून हॉलमध्ये येरझाऱ्या. सकाळी विश्रामबागला गेलो, एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनल करावं लागेल, ३,५०० होतील. म्हटलं करा, काय वाट्टेल ते करा. तीन सिटिंग झाल्या. त्या दाढेला तीन नळ्या असतात, प्रत्येकीत सुईसारख्या फाइली घालून आतली मेलेली नस खरवडून काढायची, औषधानं धुवायचं, रबरासारखं काहीतरी ठासून भरायचं. मी आरशातून बघायचा प्रयत्न करायचो, डॉक्टर वैतागायचे.

तिसऱ्या सिटिंगला उठताना ते म्हणाले, "आता कॅपचं माप घेऊ, चार हजार." इथं माझं डोकं सटकलं. कॅप वेगळी? आमच्या धंद्यात कोटेशन दिलं की मटेरियल, मशिनिंग, प्लेटिंग सगळं त्यात लिहून देतो, नंतर वाढवलं तर पार्टी पुन्हा दारात उभं करत नाही. डॉक्टर म्हणाले मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असेलही, पण ठणका लागलेल्या माणसाला सांगणं आणि भिंतीला सांगणं एकच की ओ. कागदावर काही नव्हतं. मी "दिवाळीनंतर बघू" म्हणून बाहेर पडलो.

आणि भाऊबीजेला सासुरवाडीत गाठ पडली दाजींची, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी सहज कॅपचा विषय काढला तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाव्हणं, आता दुखतंय का? न्हाय ना? मग कॅप कशाला? कॅप म्हंजे डॉक्टरची कमाई. मेलेल्या दाढंला काय बाशिंग बांधायचंय व्हय?" सगळे हसले, मी पण हसलो. कॅप राहिली ती राहिलीच.

आज दाजी म्हणतात मी असं बोललोच नाही. बायकोसमोरचं बोलणं आहे, तिला विचारलं तर ती म्हणते, "दाजी बोलले खरं, पण तुम्हाला पैसे वाचवायचेच होते, त्यांचं नुसतं निमित्त." हिची साक्ष दोन्ही पार्ट्यांना उपयोगाची नाही.

पुढं ऑगस्ट २०१९, आपला महापूर. सांगलीचा माणूस कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याचे फूट मोजत जगतो, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. आमचं घर गावभागात, पाणी चाळीसच्या पुढं सरकायला लागलं तसं फ्रिज माळ्यावर टाकला आणि सगळे साताऱ्याला दाजींच्या घरी गेलो. (त्यांनी दहा दिवस कमी पडू दिलं नाही, ते खोटं बोलणार नाही.) नागपंचमी नुकतीच झालेली, जोंधळ्याच्या लाह्यांचा डबा समोर, टीव्हीवर आमच्याच गल्लीत होड्या फिरताना दाखवतायत, मी त्या नादात मूठ तोंडात टाकली आणि डाव्या दाढेखाली गणंग, म्हणजे न फुटलेला दाणा, आला. कट्‌. तो आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. दाजी म्हणाले, "खडा आला काय?"

खडा नव्हता. पोवई नाक्याजवळच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, दाढ उभी चिरलीय, चीर मुळापर्यंत गेलीय, आता काही करता येत नाही. ८०० रुपये घेऊन काढली. मी विचारलं कॅप असती तर? म्हणाले, "बहुतेक वाचली असती."

कॅप का लागते हे मला त्या दिवशी कळलं आणि लाज वाटली, कारण हे मला सगळ्यात आधी कळायला पाहिजे होतं. बुशला, म्हणजे नळीसारख्या पोकळ पार्टला, आतून बोअर (भोक) मोठा करत गेलो की भिंत पातळ होते आणि मग त्यावर दाब दिला की चिरतो, हे मी रोज पोरांना शिकवतो. रूट कॅनलमध्ये तेच होतं, किडकं काढून आणि आत जायला भोक पाडून दाढ पोकळ होते, वर चावायचा दाब तेवढाच, आणि नस नसल्यामुळं दुखून कळायची पण सोय नाही. दुखत नाही म्हणून काम झालं असं वाटतं, तिथंच आपण फसतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव का बसवतात? लाकूड फाकू नये म्हणून. कॅप म्हणजे दाढेची धाव. बाशिंग नव्हे, दाजी!

पुढचा हिशोब ऐका. रिकाम्या जागेला दोन पर्याय होते. एक ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन चांगल्या दाढा घासून त्यांच्यावर तिसरी टांगायची. एका जॉबसाठी दोन ओके पीस बिघडवायचे हे माझ्या हाताला पटेना. दुसरा इम्प्लांट, हाडात टायटॅनियमचा स्क्रू. मी डॉक्टरांकडून तो स्क्रू बघायला मागून घेतला, दहा मिलिमीटर लांब, त्यावरची थ्रेड बघून मी गप्पच झालो. टायटॅनियम कापायला फार वाईट, सगळी उष्णता टूलच्या टोकाला येते, इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टोकं, भराभर जातात. त्यात हा माणसाच्या हाडात आयुष्यभर राहणार आणि हाड त्याला चिकटून वाढणार. ब्रेनेमार्क नावाच्या स्वीडनच्या डॉक्टरनं १९६५ साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असा बसवला म्हणे. माझा फेब्रुवारी २०२० मध्ये बसवला, हाड धरायला तीन-चार महिने थांबा म्हणाले, तेवढ्यात लॉकडाऊन, दवाखाने बंद, वरची टोपी बसायला ऑगस्ट उजाडला. सगळे मिळून २८,०००. आधीचे ३,५०० पाण्यात, वर ८००. चार हजार वाचवायला गेलो आणि ३२,३०० घालवले. आणि शुगर तपासल्याशिवाय आणि तंबाखूचा मावा सोडल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, तंबाखूवाल्यांचे स्क्रू ढिले पडायची शक्यता जास्त असते म्हणून. मावा सुटला, तेवढा एक फायदा.

आता तुमचा प्रश्न, महाग का. ओळखीतल्या एकाचा पोरगा मिरजेत डेंटल लॅबमध्ये आहे, त्याच्याकडं मुद्दाम जाऊन बघून आलो. डॉक्टर कॅप स्वतः बनवत नाही, माप घेऊन लॅबला पाठवतो. झिर्कोनियाची, म्हणजे एका सिरॅमिकची, पांढरी चकती येते, खडूसारखी, तशी मऊ असतानाच सीएनसीवर कापतात, तेही वीस-पंचवीस टक्के मोठी, कारण मग भट्टीत पंधराशे डिग्रीच्या आसपास भाजली की आकसून मापात येते आणि असली कडक होते की मग हिऱ्याशिवाय कशाला दाद देत नाही. मेटलची असेल तर मेणाचा नमुना करून ओततात, कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. आणि प्रत्येक पीस वेगळा! आम्ही एक सेटिंग करतो आणि पाच हजार नग काढतो, म्हणून तुम्हाला पार्ट स्वस्त पडतो. इथं सेटिंग एक आणि नग पण एकच, आणि कडेला फट राहिली की आतून परत कीड. एका नगाचं काम घेऊन कुणी माझ्याकडं आलं तर मी सरळ नाही म्हणतो.

शिवाय ताप-खोकल्याचा डॉक्टर तासात दहा पेशंट बघतो, दाताचा एका तोंडात तासभर वाकून बसतो. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, निर्जंतुक करायचं मशीन, सगळं स्वतःच्या कर्जावर. उपचारावर जीएसटी नाही हे खरं, पण त्यामुळं त्याला इनपुट क्रेडिट पण नाही, खुर्चीवर भरलेला टॅक्स त्याच्याच अंगावर, म्हणजे शेवटी आपल्या. आणि आपली मेडिक्लेम बहुतेक करून दातांना हात लावत नाही, अपघात असेल तर गोष्ट वेगळी. बायपासचे लाख रुपये परस्पर जातात ते दिसत नाहीत, दाढेचे नऊ हजार खिशातून मोजून द्यायला लागतात, म्हणून ते टोचतात. माझं तरी असं मत आहे.

पण डॉक्टर मंडळी धुतल्या तांदळासारखी आहेत असं मी म्हणत नाही. दोष त्यांचा एकच, पण मोठा, लिहून देत नाहीत. रूट कॅनल किती, कॅप किती, कॅप कशाची, वॉरंटी कार्ड मिळणार का, नसेल बसवायची तर काय होईल, हे चार ओळी कागदावर सुरुवातीलाच लिहून द्यायला काय जातं? मला २०१७ साली तो कागद मिळाला असता तर दाजींचं काही चाललं नसतं. तुम्ही आत्ताच मागून घ्या. तोंड वाकडं केलं तर दुसरीकडं जा.

आणि काढून टाका म्हणणाऱ्यांचं तर बोलूच नका. दाजींच्या सात वर्षांच्या नातवाची दाढ किडली तेव्हा हेच म्हणत होते, "दुधाची हाय, पडंल आपोआप." ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमाराला मागं एक दाढ येते, काही न पडता गपचूप येते, म्हणून घरात सगळ्यांना ती दुधाचीच वाटते, पण ती कायमची. पोराच्या आईनं ऐकलं नाही, भरून घेतली, म्हणून वाचली.

एक राहिलं, मघाशीच सांगायला पाहिजे होतं. पैशाची खरंच अडचण असेल तर डेंटल कॉलेजला जा. साताऱ्याहून कराडला कृष्णा संस्थेचं आहे, इकडं सांगलीत वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादांच्या नावाचं. शिकणारी पोरं करतात, वर सर असतात, वेळ फार लागतो, चार खेपा जास्त होतात, पण खर्च बराच कमी. सिव्हिलला दात काढून मिळतो, कॅपची आशा धरू नका. आणि पुढच्या दातांना रूट कॅनलनंतर दर वेळी कॅप लागतेच असं नाही, मी सांगतोय ते दाढांचं. डॉक्टरला विचारा, मी शेवटी टर्नर आहे.

नऊ हजार जास्त का कमी, ते कॅप कशाची यावर आहे. झिर्कोनियाची असेल तर मला ठीक वाटतं, साध्या मेटलची असेल तर घासाघीस करा. एवढं मात्र विचारून इथं खाली लिहाच, कारण गेल्या मे महिन्यात एका लग्नात दाजी माझ्या शेजारी जेवायला बसले होते आणि हसताना उजवीकडं मागं नवी कोरी कॅप चमकली. मी विचारलं, कितीला? म्हणाले अकरा. बायकोनं पंगतीत माझ्या पायावर पाय दिला म्हणून मी मठ्ठा प्यायला आणि गप्प बसलो. तुमचे नऊ झिर्कोनियाचे निघाले तर मला आज संध्याकाळीच साताऱ्याला फोन करायचाय.