घरी केलेलं लिंबू-संत्र्याचं सिरप कडू का होतं?

किसताना सालीखालचा पांढरा भाग आला असणार. सुगंधी तेल फक्त वरच्या रंगीत सालीत असतं. फळं गरम पाण्यात घासून धुवा, साल हलक्या हाताने किसा, 500 ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा आणि रात्रभर झाकून ठेवा. साखर ते तेल ओढून घेते. माझ्या मते सगळी चव याच पायरीत आहे, ती टाळू नका. सकाळी 300 मिली पाणी घालून साखर विरघळेपर्यंतच गरम करा. कोमट झाल्यावर 250 मिली ताजा रस मिसळा. रस उकळला की ताजेपणा जातो. बियाही कडू असतात, चिरडू देऊ नका. गाळून, उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा.