प्रश्न तुमचे: पुढच्या खोलीतला खड्डा

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं घर बेळगावच्या शहापुरात, विणकरांच्या जुन्या गल्लीत. गेल्या महिन्यात टाईल्स बसवायला पुढच्या खोलीची फरशी काढली तर खिडकीखाली चौकोनी खड्डा निघाला, राख न विटांचे तुकडे घालून बुजवलेला. शेजारचे काका म्हणतात गुप्तधन असणार, अजून खणा. गवंडी म्हणतोय पेव आहे. नक्की काय? आणि आजूबाजूच्या गल्ल्या वाकड्यातिकड्या, आमचीच तेवढी सरळ कशी? घराचा जुना कागद आहे पण तो मोडीत, त्यात सांगलीचं नाव दिसतं म्हणे, आम्ही तर बेळगावचे.
— एक वाचक, शहापूर

उत्तर: आधी काकांना खणायचं थांबवा बघू. गुप्तधन नाही आणि पेवही नाही, पेवाचं तोंड बारीक न पोट मोठं असतं, चौकोनी कुठलं असायला. तो मागाचा खड्डा आहे. हातमागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसायचा, पाय खाली खड्ड्यात, तिथं पावड्या, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्या असायच्या, एक दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, निम्मे धागे वर, निम्मे खाली, मधून आडव्या धाग्याचा धोटा पळवायचा. खिडकी उजेडासाठी. आणि माग खाली बसवायचं अजून एक कारण म्हणजे ओल, सूत कोरडं पडलं की तटातट तुटतं, खड्ड्यातल्या मातीच्या गारव्यानं ते जरा नरम राहायचं. माझ्या आज्जीच्या घरीही असाच होता, माग कधीच गेलेला, आज्जी त्यात कांदे ठेवायची, पण आज्जा जेवायला बसायचा तो त्याच काठावर पाय खाली सोडून, पाटावर मांडी घालून त्याला जमायचंच नाही, जन्मभर तसंच बसल्यावर गुडघे काय वेगळं ऐकणार!

आता गल्ली. नऊवारी लुगडं म्हणजे आठेक मीटर, आणि एका लुगड्यासाठी कोण माग जोडत बसणार, चार तरी पाहिजेत, म्हणजे तीस मीटरच्या वरचा ताणा. तो घरात मावतो होय? म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीतच ताणायचा, दोन्ही टोकांना आधार देऊन, आणि खळ लावून कुंच्यानं विंचरत जायचं, म्हणजे धागे एकमेकांना चिकटत नाहीत आणि मागावर घासून तुटत नाहीत. ह्याला पाजणी म्हणतात. एकट्यादुकट्याचं काम नाही ते, शेजारी लागायचेच, आणि पाऊस आला की बोंबला. मधे वळण असलं तर ताणा कुठं न्यायचा? गल्ली सरळ का ते आता कळलं असेल. अर्धा माग तुमच्या घरात होता न अर्धा रस्त्यावर.

मग पॉवरलूम आले. त्याला पाय नकोत, मोटर ओढते, मशीन सपाट जमिनीवर बसतं, आणि खळ लावलेला ताणा गुंडाळलेली बीम बाहेरून तयार येते. खड्डा बुजला आणि रस्ताही रिकामा झाला, आता तिथं दुचाक्या लागतात. बऱ्याच घरांनी पॉवरलूमही विकले, पोरं उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीला, मशीन शॉपला. बेळगावची इंडस्ट्री म्हटलं की आपल्याकडं सगळे किर्लोस्करांचं सांगतात, सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि शेतकरी कसे म्हणायचे की लोखंडानं जमीन नासेल. खरंच आहे ते, पण लक्ष्मणराव १९१० साली सगळं उचलून औंध संस्थानात गेले, ते आत्ताचं किर्लोस्करवाडी. तुमच्या गल्लीतला कारखाना घराघरात होता, म्हणून त्याला कुणी कारखाना म्हटलं नाही आणि बोर्डही लावला नाही, मला त्याचा थोडा रागच येतो.

कागदाचं सोपं आहे. बेळगाव इंग्रजांचं होतं, पण शहापूर मात्र सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात, चालत गेलं तर अर्ध्या तासात दुसरं राज्य! १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात, पुढं त्याचंच कर्नाटक, म्हणून तुमच्याकडं एकाच घराचे कागद आधी मोडी लिपीत, मग देवनागरी मराठीत, आणि आताचा उतारा कन्नडमध्ये. मोडी वाचणाऱ्याकडून तो कागद एकदा वाचून घ्याच, लॅमिनेशन मात्र अजिबात करू नका, आधी चांगला फोटो काढून ठेवा.

आणि टाईल्स बसवा खुशाल, पण आधी ती राख न तुकडे सगळे उपसून मुरूम घाला, थराथरानं पाणी मारून धुम्मसानं ठोकून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथली फरशी खचणार. वर वेगळ्या रंगाची टाईल घातली तर अजून छान, काकांना रोज दिसेल.