पेटकोविचचा गोल आम्ही आधी ऐकला, मग पाहिला

प्रश्न आहे : फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीतला कुठला सामना तुमच्या सगळ्यात जिव्हारी लागला?

2022 चा ब्राझील–क्रोएशिया. उपांत्यपूर्व फेरी, 9 डिसेंबर. खेळ म्हणून त्या वर्षीची अर्जेंटिना–फ्रान्स फायनल सरस होती, वादच नाही. पण ती मी मजेत पाहिली. इथे मी ब्राझीलवाला.

आमचं घर आरोंद्याच्या बाजूला, खाडीपलीकडे गोवा. विश्वचषक आला की इकडे क्रिकेटवाली पोरंसुद्धा पिवळ्या नाहीतर आकाशी-पांढऱ्या जर्सीत फिरतात. शेजारचं घर कट्टर अर्जेंटिनावालं. त्यांच्याकडे डिश, आम्ही ओटीवर टीव्हीला मोबाइल जोडून बसलेलो. नेटवरचं चित्र डिशच्या मागून येतं, हे त्या रात्री चांगलंच कळलं.

जादा वेळेच्या पूर्वार्धाच्या शेवटी नेमारने भिंत फोडली. गोलीला चकवून चेंडू वर जाळ्यात! ब्राझीलकडून पेलेने केलेल्या 77 गोलांशी बरोबरी. शेजारी चिडीचूप. आता पंधरा मिनिटं फक्त चेंडू राखायचा.

117 व्या मिनिटाच्या सुमारास शेजारून शिट्ट्या आणि पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज आला. आमच्या पडद्यावर तर अजून ब्राझीलच क्रोएशियाच्या हद्दीत होता! काका उठून ओरडले, ‘‘रे मेल्यांनो, मागे रवा! खंय धावतास?’’ होऊन गेलेला गोल अडवायला बघत होते बिचारे. मग जे ऐकलं होतं ते दिसलं. चेंडू गेला, मागे माणसं कमी, डावीकडून ओर्शिचचा पास, पेटकोविचची किक आमच्याच मार्किन्योसच्या पायाला लागून आत. 120 मिनिटांत क्रोएशियाचा गोलवर गेलेला तो एकच फटका.

पेनल्टी म्हणजे नशीब, असं लोक म्हणतात. मला पटत नाही. चारच दिवसांपूर्वी क्रोएशियाचा गोली लिवाकोविचने जपानच्या तीन पेनल्टी अडवल्या होत्या, 2018 मध्येही क्रोएशिया दोनदा पेनल्टीवरच पुढे गेला होता. अशा संघाला तिथवर नेणं हाच गाढवपणा. त्यात पहिली किक 21 वर्षांच्या रॉड्रिगोला दिली, ती अडली. मार्किन्योसची खांबाला लागली. नेमार पाचव्या नंबरवर थांबलेला, त्याची पाळी आलीच नाही. 4-2. प्रशिक्षक तितेंनी त्याच रात्री पद सोडलं.

झोप कसली येते? साडेबाराला अर्जेंटिना–नेदरलँड्स होती. अर्जेंटिना 2-0 वर असताना वेगहोर्स्टने एक गोल फेडला आणि भरपाई वेळेच्या अकराव्या मिनिटाला दुसरा. तेव्हा आम्हीही डबा शोधून आणला. पण अर्जेंटिनाचा गोली मार्टिनेझने पहिल्या दोन्ही पेनल्टी अडवल्या, आणि पुन्हा शेजारच्यांचाच डबा वाजला.