इंटरव्ह्यूमध्ये बोलणं पुढे सरकतच नाही, काय करू?

तुम्ही म्हणताय की एक प्रश्न, एक उत्तर, मग शांतता, असाच इंटरव्ह्यू होतो, गप्पा मारल्यासारखं वाटतच नाही. माझंही आधी सेम व्हायचं. मी डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला क्वालिटीत आहे आणि आता पोरांचे इंटरव्ह्यूपण घेतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

पहिला इंटरव्ह्यू भोसरीत होता. साहेबांनी विचारलं व्हर्निअरचा लीस्ट काउंट (म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) किती, मी म्हणालो 0.02 एमएम सर, आणि गप्प. उत्तर बरोबर होतं हो, पण त्यांना परत नवीन प्रश्न शोधावा लागला, मग अजून एक, आठ-दहा मिनिटांत संपलं, कळवतो म्हणाले. अजून कळवतायत.

पुढच्या ठिकाणी परत तोच प्रश्न आला. या वेळी म्हणालो, 0.02 सर, पण ट्रेनिंगला होतो तिथे बुशच्या (गोल, पोकळ पार्टच्या) आयडीला, म्हणजे आतल्या व्यासाला, टॉलरन्सच (चालणारा फरक) 0.03 होता, तिथे व्हर्निअर काय कामाचा, बोअर डायलने (आतला व्यास मोजायच्या जास्त बारीक गेजने) चेक करायचो, त्यात एकदा घोळपण झाला होता. साहेब लगेच, काय घोळ? झालं! सकाळी मास्टर रिंगवर (अचूक मापाच्या रिंगवर) झिरो सेट केलेला डायल कुणीतरी पाडला आणि गुपचूप जागेवर ठेवला, दुपारपर्यंतचा अख्खा लॉट परत चेक करायला लागला, हे सांगितलं आणि मीच विचारलं की तुमच्याकडे डायलचा झिरो एका शिफ्टमध्ये एकदाच बघता का. मग ते त्यांच्या लाइनवरचं सांगायला लागले, अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

म्हणजे उत्तराच्या शेवटी समोरच्याला पकडायला काहीतरी ठेवायचं, आणि आपले प्रश्न शेवटासाठी राखून न ठेवता मधेच विचारायचे. फक्त खरं तेच सांगा, कारण पुढचा प्रश्न तिथलाच येणार. येत नसेल तरी नुसतं नाही म्हणू नका, सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन) चालवलं नाही पण रिपोर्ट वाचता येतो, असं काहीतरी. इंग्लिशमध्ये अडकलात तर सरळ विचारा, सर मराठीत सांगू का, शॉप फ्लोअरच्या जॉबला सहसा कोणी नाही म्हणत नाही (एचआर राउंडचं मात्र वेगळं असतं).

आणि साहेब रेझ्युमे वाचत असतील तर वाचू द्या, ती शांतता भरायला जाऊ नका, तेवढ्यात पाणी प्या.